दहावी दांडी

(दृश्य: टेक्सासमधलं एक छोटं न्यायालय. बाहेरच्या बाकावर आई आणि मुलगा. तिच्या हातात घडी घातलेलं समन्स.)

निवेदन:

हे जस्टिस कोर्ट. एरवी इथे वाहतुकीचे दंड नाहीतर घर खाली करून घेण्याचे दावे चालतात. न्यायाधीश निवडून आलेले; ते वकील असलेच पाहिजेत असं नाही. आज बोर्डावर आहे शाळा बुडवण्याचं प्रकरण.

सहा महिन्यांत कारणाशिवाय दहा दांड्या झाल्या की प्रकरण इथे येऊ शकतं. एखादा तास चुकवला तरी तो दिवस धरला जातो. कारण पटण्याजोगं आहे का, हे बहुतेक वेळा मुख्याध्यापक ठरवतात. डॅलस-ह्यूस्टनच्या मराठी मंडळींनी लग्नसराईसाठी तीन आठवड्यांची तिकिटं काढण्याआधी शाळेत विचारलेलं बरं!

(दृश्य: जुन्या फायलींचे गठ्ठे.)

2015 पर्यंत हा चक्क गुन्हा होता. दंड 500 डॉलरपर्यंत. 2013 या एका वर्षात राज्यभर लाखावर खटले भरले गेले. मार्च 2015 मध्ये केंद्राच्या न्याय विभागाने डॅलस काउंटीतल्या अशा न्यायालयांची चौकशी सुरू केली. त्याच वर्षी विधिमंडळाने कायदा बदलला आणि 1 सप्टेंबरपासून मुलांवरचं हे प्रकरण दिवाणी झालं.

(दृश्य: पुकारा होतो. दोघं आत जातात.)

न्यायाधीश आधी आरोप समजावून सांगतात. मग मुलाला विचारतात, हे खरं की खोटं? तो 'खोटं' म्हणाला, तर सहा जणांची ज्युरी मागू शकतो. पुरावाही फौजदारी खटल्याइतकाच पक्का लागतो.

पण त्याआधी झडती होते ती शाळेची. मुलाला वर्गात आणण्यासाठी आम्ही उपाय केले आणि ते फसले, हे शाळेने प्रमाणित करून लिहून द्यावं लागतं. तो कागद नसेल तर प्रकरण तिथेच निकाली. मुलगी गरोदर आहे, कुटुंबाला छप्पर नाही, किंवा पोरगाच घरचा मुख्य कमावता आहे आणि दांड्या त्यामुळेच पडल्या, तर शाळेने इथवर यायचंच नाही, समुपदेशन करायचं. या कायद्यातलं सगळ्यात शहाणं कलम हेच.

आरोप सिद्ध झाला तर आदेश निघतो: शाळेत जा, शिकवणी लाव, समाजसेवा कर. आदेश मोडला तर 100 डॉलरपर्यंत दंड, शिवाय गाडीचं लायसन्सही अडकू शकतं. सोळा वर्षांच्या पोराला धास्ती लायसन्सचीच.

(दृश्य: आईचा चेहरा.)

आईबापांची सुटका मात्र झालेली नाही. मुलाला शाळेत पाठवण्यात अक्षम्य हयगय केली म्हणून त्यांच्यावर आजही वेगळा फौजदारी खटला होतो. पहिल्या वेळी 100 डॉलरपर्यंत, पुढे चढत चढत 500. आणि त्या दंडातला अर्धा हिस्सा जातो शाळेकडे.