क्रेटला दांडा जोडताना

(दृश्य: पुणे, रविवार पेठ, बोहरी आळी. हातगाड्या, टेम्पो, दुकानांबाहेर उभे करून ठेवलेले पाइप.)

भाजीचा साधा प्लास्टिकचा क्रेट. खाली चार चाकं बसवून झाली आहेत. वाकून ढकलावा लागू नये म्हणून आता त्याला पाइपचा उभा दांडा हवाय. क्रेट मिळतो, पाइप मिळतो. अडतं ते दोघांना जोडणाऱ्या तुकड्यापाशी. तोही वेल्डिंगवाल्याकडे न जाता, दुकानातून तयार मिळाला पाहिजे.

'क्रेटला दांडा जोडायचं काहीतरी द्या' म्हणालात, तर आळीतला दुकानदार नुसता बघत राहील. त्या नावाची वस्तूच नाही. पण तसं काम करणाऱ्या वस्तू नळवाल्याकडे आहेत, कपाटाचं सामान विकणाऱ्याकडे आहेत, रेलिंगवाल्याकडे आहेत, वायरिंगवाल्याकडेसुद्धा आहेत. फक्त प्रत्येकाचा इंच निराळा.

(दृश्य: काउंटर. चार पाइपांचे तुकडे, शेजारी व्यास मोजायचा व्हर्नियर.)

"एक इंची द्या."
"पाण्याचा का रेलिंगचा?"

प्रश्न रास्त आहे. पाण्याचा एक इंची जीआय (जस्ताचा मुलामा दिलेला लोखंडी) पाइप बाहेरून मोजला तर जवळजवळ ३३.७ मिलिमीटर भरतो, कारण त्याचं नाव आतल्या पोकळीवरून पडलंय. रेलिंगचा स्टीलचा एक इंची पाइप बाहेरून २५.४. गरम पाण्याचा सीपीव्हीसी एक इंची, २८.६. वायरिंगवाले तर इंचाच्या भानगडीत पडतच नाहीत, त्यांचा पाइप सरळ २५ मिलिमीटर. म्हणून जोड मागायचा तो पाइपच्या बाहेरच्या व्यासावर, आणि जमलं तर पाइपचा कापलेला तुकडा खिशात घेऊनच आळीत शिरायचं. वाकणाऱ्या पट्टीच्या क्लॅम्पला २५ आणि २५.४ मधला फरक चालून जातो. ओतीव सॉकेटमध्ये मात्र तेवढाही आडवा येतो.

आम्ही रेलिंगचा पाइप घेतला. कारण वजन. बाहेरून साधारण तेवढाच भरणारा पाऊण इंची मध्यम जाडीचा जीआय पाइप मीटरला दीड किलोच्या वर जातो. एक इंची स्टीलचा, १.२ मिलिमीटर जाडीचा, पाऊण किलोच्या आत राहतो. शिवाय जीआयच्या फ्लँजला, म्हणजे पाइप उभा बसवायच्या चकतीला, आटे असतात, म्हणजे पाइपवरही आटे पाडून घेणं आलं.

(दृश्य: हातात एकेक जोड.)

कपाटातल्या हँगरच्या दांडीचा हा आधार दिसायला देखणा आहे. पण तो बनलाय कपड्यांचं वजन खाली पेलायला. वरून उघडा असलेला प्रकार घेतलात, तर दांडी वर ओढताच पाइप हातात येईल. वायरिंगचं सॅडल तर फक्त पाइप आणि आतल्या तारा भिंतीशी धरून ठेवण्यापुरतं. त्याच्यावर दांडा सोपवणं म्हणजे वाट्टेल ते.

हा वजनदार तुकडा स्क्रूचा. पाइप आत सरकवायचा, ॲलन कीने स्क्रू आवळायचा, झालं. अशा जोडांपैकी 'की क्लॅम्प' इंग्लंडमध्ये १९३४ साली निघाला तो गाईंचं दूध काढायच्या गोठ्यांसाठी. आज तो रेलिंगला सर्रास दिसतो. मजबुतीबद्दल शंका नाही, पण प्लास्टिकच्या क्रेटला एवढं लोखंड शोभत नाही. वाहनांच्या कारखान्यांतल्या ट्रॉल्यांना २८ मिलिमीटरचा प्लास्टिकचा थर दिलेला पाइप आणि दोन अर्ध्या कवचांचे बोल्टने आवळायचे जोड असतात. आमच्या मते या कामाला सर्वांत नेटका जोड हाच. पण मग पाइपही त्याच जातीचा घ्यावा लागतो.

शेवटी निवड झाली ती जाड पत्र्याच्या, दोन बोल्टच्या क्लॅम्पची. पाइपला दोन.

(दृश्य: क्रेटची भिंत, पेन्सिलच्या खुणा.)

ते दोन किती अंतरावर बसवायचे, यावर बाकी सगळं ठरतं. खालच्या क्लॅम्पपासून ९० सेंटिमीटर वर आपण दांडा ५ किलोच्या जोराने आडवा ओढतो. वरचा क्लॅम्प खालच्यापासून १५ सेंटिमीटरवर असेल, तर त्याच्यावर ३० किलोचा ताण येतो. अंतर २५ केलं, की ताण १८ वर उतरतो. त्यामुळे एक अगदी तळाशी, दुसरा अगदी काठाखाली.

आणि तरीही फाटेल ती क्रेटची भिंतच, क्लॅम्प नव्हे. नारायणगावला टोमॅटोचा क्रेट २० किलोचा धरतात; तेवढं वजन भरलं की पातळ भिंत बोल्टभोवती ओढली जाते. चिकटवून भागेल म्हणाल, तर हे क्रेट पॉलिथीन किंवा पॉलिप्रोपिलीनचे असतात, आणि त्यांच्यावर नेहमीचा गोंद, अगदी इपॉक्सीसुद्धा, धड बसत नाही. भोक पाडायलाच हवं. आतल्या बाजूने नुसतं वायसर न लावता दोन्ही बोल्टमधून जाणारी ॲल्युमिनियमची पट्टी ठेवायची, म्हणजे ओढ पसरते. नट नायलॉनच्या कड्याचा घ्यायचा. चाकांच्या खडखडाटात साधा नट ढिला होतो.

राहिली मूठ. सायकलची रबरी मूठ २२ मिलिमीटरच्या दांड्यासाठी असते, २५.४ च्या पाइपवर ती चढत नाही. पाऊण इंची सीपीव्हीसी पाइप बाहेरून नेमका २२.२ भरतो, त्याच्यावर ती छान बसली असती. पण तो पाइप दांडा म्हणून वाकतो. मग पंक्चरवाल्याकडून सायकलची जुनी ट्यूब आणली, हातभर कापली, साबणाच्या पाण्यात बुडवली आणि ताणून चढवली.