युरियाची पिवळी पूड

चिकोडी-निपाणी पट्ट्यातला हा ऊस. बाळभरणीआधी सरीत युरिया पडतोय. युरिया बनतो अमोनियापासून, अमोनियाला लागतो हायड्रोजन, आणि आपल्याकडे तो बहुतांशी नैसर्गिक वायूतून काढतात. त्यात कार्बन डायऑक्साइड सुटतो तो सुटतोच.

पण हायड्रोजन पाण्यातही आहे.

बेळगावातल्या एका कॉलेजची ही रसायनशास्त्राची प्रयोगशाळा. शेतातल्या युरियाला कडुनिंबाचा लेप असतो, म्हणून इथे शुद्ध युरिया घेतलाय. पांढरे दाणे चिनीमातीच्या मुशीत, वर झाकण, मूस भट्टीत. पारा हळूहळू 550 अंशांवर. अमोनियाचा उग्र वास सुटतो, पंखा आधीच सुरू ठेवावा लागतो. आत रेणू एकमेकांत गुंफत जातात, कार्बन-नायट्रोजनची जाळी विणली जाते. भट्टी आपोआप निवू द्यायची. घाई केली की मूस तडकते.

झाकण निघालं. "मॅडम, पिवळा आलाय!"

फिकट पिवळी, फुंकर मारली तर उडेल इतकी हलकी पूड. मूठभर युरियातून चिमूटभर. हा कार्बन नायट्राइड, धातू नसलेला पॉलिमर, म्हणजे छोटे रेणू जोडत जाऊन बनलेला मोठा रेणू. दृश्य प्रकाशात तो पाण्यातून हायड्रोजन सोडवतो, हे शिनचेन वांग, मार्कुस अँटोनिएट्टी आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये दाखवलं. प्रकाशाने पाणी फोडण्याच्या फुजिशिमा-होंडांच्या 1972 च्या प्रयोगातल्या टायटॅनियम डायऑक्साइडला अतिनील किरण लागत होते.

आता काचपात्रात पूड, पाणी, प्लॅटिनमचे अतिसूक्ष्म कण आणि ट्रायइथेनॉलअमीन हे इलेक्ट्रॉन देणारं रसायन. नायट्रोजन सोडून हवा हाकलली. दिवा लागला. पुडीतले इलेक्ट्रॉन सुटून प्लॅटिनमवर जातात, तिथे हायड्रोजन तयार होतो. मागची रिकामी जागा ट्रायइथेनॉलअमीन भरून काढतं. सिरिंजने वरचा वायू ओढला, आणि क्रोमॅटोग्राफवर, म्हणजे वायू वेगळे करून ओळखणाऱ्या यंत्रावर, ही बघा, हायड्रोजनची रेघ सरळ वर चढली.

अडचणी आहेत: प्लॅटिनम महाग, ट्रायइथेनॉलअमीन खर्ची पडतं, उन्हातला तांबडा प्रकाश वाया जातो. पण पॉलिमरची रचना बदलता येते, हेच त्याचं बळ. लिव्हरपूलला अँड्र्यू कूपर यांच्या गटाने 2015 मध्ये घटकांचं प्रमाण बदलत वेगवेगळा प्रकाश शोषणारे पॉलिमर घडवले.

राष्ट्रीय हरित हायड्रोजन मिशनला जानेवारी 2023 मध्ये 19,744 कोटी मंजूर झाले. त्यातलं काही सीमाभागातल्या कॉलेजांपर्यंत पोचायलाच हवं. प्रयोग करणाऱ्या या मुलींना आता प्लॅटिनमऐवजी निकेल लावून पाहायचंय, आणि त्यासाठी दिवसभर क्रोमॅटोग्राफ मोकळा मिळायला हवा.