डुकरानं माणसाला की माणसानं डुकराला?

मंडळी, नागपुरात स्वाइन फ्लूचा रुग्ण सापडल्याची बातमी आली की महापालिकेकडे पहिली मागणी जाते ती डुकरं पकडण्याची. खाटा वाढवा, टेस्ट लवकर करा, हे मागाहून. नाग नदीच्या काठाला, नाल्यांत, उकिरड्यांवर डुकरं आपल्याला रोज दिसतात आणि आजाराच्या नावातही तीच आहेत, त्यामुळे लोकांना दोष देववत नाही. पण मी पशुवैद्यक आहे, आणि या खटल्यात माझाच पेशंट आरोपी आहे. त्याची बाजू मांडते, आणि त्याच्यावर नजर कुठे ठेवायला हवी तेही सांगते.

डुकराला फ्लू होतो तेव्हा दिसतं काय? काल संध्याकाळी खाण्यावर तुटून पडलेली जनावरं सकाळी उठतच नाहीत. एकमेकांच्या अंगावर रेलून पडलेली असतात, नाक वाहतं, डोळे लाल, ताप १०५ अंश फॅरनहाइटच्या आसपास. काठीने उठवलं की खोकतात. कोरडा, भुंकल्यासारखा खोकला. एकदा ऐकला की विसरत नाही. कळपच्या कळप एकदम आडवा होतो, आणि पाच-सात दिवसांत बहुतेक कळप उठून पुन्हा खायलाही लागतो. मरतात ती थोडी. तेव्हा वस्तीत एकदम दहा-वीस डुकरं मेलेली दिसली, तर मी तरी आधी फ्लूकडे बोट दाखवणार नाही. क्लासिकल स्वाइन फीवर असेल, २०२० मध्ये भारतात शिरलेला आफ्रिकन स्वाइन फीवर असेल, कुणी विषही घातलं असेल. हे दोन्ही फीवर माणसाला होत नाहीत. तरी अशा वेळी फोन येतो तो एकच: "मॅडम, आता आमच्या मोहल्ल्यात स्वाइन फ्लू येणार का?"

आता मूळ प्रश्न, कुणाचं कुणाला लागलं. डुकरांतला हा आजार पहिल्यांदा नीट नोंदला गेला १९१८ साली, अमेरिकेतल्या आयोवा राज्यात. माणसांतली फ्लूची ती भयंकर साथ, जिने आपल्याकडे गावंच्या गावं ओस पाडली, तेव्हा ऐन भरात होती. जे. एस. कोएन नावाच्या सरकारी पशुनिरीक्षकांच्या लक्षात आलं की घरातली माणसं पडतात तेव्हा वाड्यातली डुकरंही पडतात. त्यांनी त्याला सरळ फ्लू म्हटलं. लोक मांस घेणार नाहीत या भीतीने डुक्करपालक त्यांच्यावर चिडले. धंद्याची भीती तेव्हापासूनची आहे.

पुढे रिचर्ड शोप यांनी १९३० च्या सुमारास डुकरातला विषाणू वेगळा केला. माणसाचा विषाणू हाती आला १९३३ मध्ये, म्हणजे डुकराचा आधी सापडला. मग रक्ताच्या तपासण्या झाल्या, आणि मला स्वतःला या सगळ्या कहाणीत हाच भाग सर्वांत सुंदर वाटतो. १९१८ ची साथ पाहिलेल्या माणसांच्या रक्तात डुकराच्या विषाणूला निकामी करणारी प्रतिद्रव्यं निघाली. साथीनंतर बऱ्याच वर्षांनी जन्मलेल्या मुलांच्या रक्तात ती जवळजवळ नव्हती. ही मोठी माणसं काही डुकरं पाळणारी नव्हती. मग त्यांना तो भेटला कुठे? साथीतच. माणसांतला विषाणू बदलत पुढे गेला, डुकरांत त्याचा वंश फारसा न बदलता टिकला. १९१८ मध्ये तो माणसाकडून डुकराकडे गेला, असाच आज बहुतेक अभ्यासकांचा कल आहे.

याचा धागा थेट २००९ च्या स्वाइन फ्लूच्या साथीपर्यंत येतो. त्या साथीत साठीच्या पुढच्या लोकांना लागण तुलनेने कमी झाली. लहानपणी १९१८ च्या वंशातले विषाणू त्यांच्या अंगावरून गेले होते, आणि शरीराने ती ओळख जपून ठेवली होती. तरण्याताठ्यांकडे ती नव्हती.

तो २००९ चा विषाणू मात्र डुकरांतूनच आला, हे कबूल. इन्फ्लुएंझा ए या फ्लूच्या विषाणूचा जनुकीय ऐवज एका सलग धाग्यात नसतो, आठ सुट्या तुकड्यांत असतो. एकाच पेशीत दोन जातींचे विषाणू शिरले, की पत्त्यांचे दोन जोड एकत्र पिसावेत तसे हे तुकडे मिसळतात आणि हातात भलताच डाव येतो. डुकराच्या श्वासमार्गात माणसांचे विषाणू जिथे चिकटतात त्याही जागा असतात आणि पक्ष्यांचे चिकटतात त्याही. १९९८ मध्ये अमेरिकेतल्या डुकरांत माणूस, पक्षी आणि डुक्कर अशा तिघांचे तुकडे असलेला विषाणू सापडला. पुढे त्या घराण्यातले सहा तुकडे आणि युरोप-आशियातल्या डुकरांमधल्या विषाणूचे दोन तुकडे एकत्र आले. एप्रिल २००९ मध्ये तो मेक्सिको आणि कॅलिफोर्नियात माणसांत दिसला. ११ जूनला जागतिक साथ जाहीर झाली, आणि ऑगस्टच्या सुरुवातीला भारतातला पहिला बळी पुण्यात गेला. तेव्हाच्या रुमालाच्या घड्या आणि कापूर-वेलचीच्या पुरचुंड्या तुम्हाला आठवत असतील.

माणसांत रुळल्यावर त्याला डुकराची गरजच उरली नाही. २०१५ मध्ये देशात ४२ हजारांवर रुग्ण आणि जवळपास तीन हजार मृत्यू झाले. नागपूरलाही चांगलाच फटका बसला. ती साथ माणसाने माणसाला दिलेली होती. बसमध्ये, लग्नाच्या पंगतीत, दवाखान्याच्या रांगेत.

इजिप्तने काय केलं पहा. २००९ च्या एप्रिलअखेरीस, देशात एकही रुग्ण नसताना, तीनेक लाख डुकरं मारायचा हुकूम काढला. कैरोतले कचरावेचक शहराचं खरकटं त्याच डुकरांना घालत. डुकरं गेली आणि कचरा रस्त्यावर कुजू लागला. फ्लू यायचा तो आलाच.

उलटी वाहतूकही चालू राहिली. तोच २००९ चा विषाणू माणसांनी जगभरच्या डुकरांना दिला. माणसाकडून डुकराकडे गेल्याच्या घटना उलट दिशेच्या घटनांपेक्षा कितीतरी जास्त आहेत, आणि दर वेळी पिसायला नवे पत्ते मिळतात. धोका आहे तो तिथे.

म्हणून नजर ठेवायची ती माणूस आणि डुक्कर एकाच हवेत तासन् तास असतात तिथे: पाळणाऱ्यांच्या वाड्यात, कत्तलीच्या जागी. २०१२ मध्ये अमेरिकेत डुकरांच्या एका बदललेल्या विषाणूची तीनशेवर माणसांना लागण झाली. बहुतेक मुलं होती, कृषी प्रदर्शनांत डुकरांजवळ वावरलेली. नाल्यातलं डुक्कर स्कूटरवरून दिसलं म्हणून कुणाला काही झालं नाही.

मग मोकाट डुकरं राहू द्यायची? मुळीच नाही. जपानी मेंदूज्वराचा विषाणू डुकरात वाढतो आणि डासांमार्फत माणसात येतो. पूर्व विदर्भातल्या धानाच्या पट्ट्याला हे नवं नाही. उघड्यावरची विष्ठा खाणाऱ्या डुकरांतून फीतकृमीचं चक्र चालतं, त्याच्या अळ्या मेंदूत गेल्या की झटके येतात. डुकरं आवरायला ही कारणं भरपूर आहेत, पण ते काम बारमाही आहे. आणि मांसाचं विचाराल तर नीट शिजलेल्या मांसातून फ्लू होत नाही, विषय संपला.

जे पाळतात त्यांनी दरवर्षी फ्लूची लस घ्यावी, स्वतःसाठी आणि जनावरांसाठीही. स्वतःला ताप असेल तर दोन-चार दिवस वाड्यात दुसऱ्याला पाठवावं. कळप एकदम पडला तर पशुवैद्यकाला बोलवावं, नाकातला स्वॅब घ्यायला पाच मिनिटं लागतात. डुक्कर ओरडतं मात्र असं की शेजारी जमतात.

आणि ताप-खोकल्याने तुम्ही दवाखान्यात गेलात, तर डुकरांजवळ वावर झाला होता का, हे डॉक्टरांना आपणहून सांगा. आपल्याकडे हे कुणी विचारत नाही, आणि सांगायला लाज वाटते म्हणून पाळणाराही बोलत नाही. प्रयोगशाळेत नमुना इन्फ्लुएंझा ए म्हणून पॉझिटिव्ह येतो आणि माणसांतल्या नेहमीच्या उपप्रकारांत बसत नाही, असं कधीतरी होतं. तो बाजूला न टाकता पुण्याला एनआयव्हीकडे, म्हणजे राष्ट्रीय विषाणू संस्थेकडे, पाठवावा लागतो. ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये डुकरांतल्या एच१एन२ या फ्लूच्या उपप्रकाराची लागण झालेला तिथला पहिला माणूस सापडला तो असाच, नेहमीच्या तपासणीत. आपल्या शहरात पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, मेडिकल आणि मेयो ही सरकारी रुग्णालयं आहेत, आणि डिसेंबर २०२२ मध्ये आयसीएमआर या केंद्राच्या वैद्यकीय संशोधन परिषदेच्या वन हेल्थ संस्थेचं, म्हणजे माणूस आणि जनावर यांच्या आरोग्याचा एकत्र विचार करणाऱ्या संस्थेचं, भूमिपूजनही इथेच झालं. माणसाचा आणि जनावराचा स्वॅब एकाच टेबलावर ठेवून बघायला याहून सोयीचं गाव मला तरी माहीत नाही.