खडू, नकाशा आणि रविवारचे शिक्षक

[दृश्य: सरोवराचा काठ, गवताळ उंचवटे]

न्यूयॉर्क राज्यातलं शटॉक्वा सरोवर. काठावरचे हे उंचवटे म्हणजे पॅलेस्टाइन. संडे स्कूलच्या, म्हणजे रविवारी भरणाऱ्या चर्चच्या धर्मवर्गांच्या, शिक्षकांना पवित्र शास्त्राचा भूगोल चालत शिकता यावा, म्हणून १८७४ साली हा नकाशा जमिनीवरच उभारला गेला. प्रमाण मैलाला पावणेदोन फूट. यरुशलेम ते बेथलेहेम सुमारे ६ मैल. इथे साडेदहा फूट, म्हणजे चार पावलं. याच मापाने डोंगर केले असते तर यरुशलेम वीतभर उंच झालं असतं, म्हणून उंची वाढवून घेतली. दिशांची अडचण मात्र सुटली नाही. खरा भूमध्य समुद्र पॅलेस्टाइनच्या पश्चिमेला, पण त्याच्या जागी वापरलेलं सरोवर पूर्वेला आहे, त्यामुळे इथली उत्तर खऱ्या दक्षिणेकडे. होकायंत्र खिशातच ठेवलेलं बरं.

[दृश्य: जुनी छायाचित्रं, तंबू, बाकं]

१७८० मध्ये इंग्लंडमधल्या ग्लॉस्टरला संडे स्कूल भरवणाऱ्या रॉबर्ट रेक्सने शिकवायला नेमलेल्या बायकांना रविवारी एक शिलिंग मिळायचा. पुढे हे काम विनामूल्य सेवा झालं, आणि फुकट राबणाऱ्याला 'आधी शिकून या' म्हणायची कोणाची छाती होईना. मुलांकडून वचनं पाठ करून घेतली, की वर्ग संपला.

हे बदलायचं मेथडिस्ट पंथाचे पाळक जॉन हेल व्हिन्सेंट यांनी मनावर घेतलं. १८६१ मध्ये इलिनॉयमधल्या फ्रीपोर्टला त्यांनी शिक्षकांचं शिबिर भरवलं. १८७४ च्या ऑगस्टमध्ये अक्रनचे कारखानदार लुईस मिलर यांच्या साथीने शटॉक्वाला दोन आठवड्यांची सभा झाली. तिथे शास्त्राइतकंच शिकवण्याच्या पद्धतीला महत्त्व होतं आणि शेवटी लेखी परीक्षा होती. भक्ती आहे म्हणून उत्तीर्ण, असं नव्हतं.

[दृश्य: फळ्यावर खडूने रेखाटन]

चित्रकार फ्रँक बियर्ड फळ्यावर बोलता बोलता चित्र काढत. दिसायला सोपं आहे. नवा शिक्षक हमखास फळ्याकडे तोंड करून बोलतो, आवाज भिंतीत जिरतो आणि मागे गलका सुरू होतो. म्हणून आधी वाक्य, मग दोन-तीन रेघा, मग पुन्हा मुलांकडे वळायचं. चित्र फार चांगलं निघालं तर तेही घातक: मुलांना घोडा आठवतो, धडा नाही.

[दृश्य: अर्धवर्तुळाकार सभागृह, सरकती दारं]

१८७२ मध्ये इंडियानापोलिसच्या संडे स्कूल परिषदेने दर रविवारी सर्वांसाठी एकच धडा ठरवला. मिलर यांच्या अक्रनमधल्या चर्चची रचना त्याला चपखल बसली: मध्ये सुपरिंटेंडंटचं टेबल, भोवती दोन मजले वर्गखोल्या. प्रार्थनेला दारं उघडी, धड्याला बंद. गावातले निरनिराळ्या मंडळ्यांचे शिक्षकही आठवड्यात एकत्र बसून तोच धडा तयार करू लागले. पण पाच वर्षांचं मूल आणि त्याची आजी, दोघांना एकच उतारा! शिवाय पातळ दारांतून शेजारच्या वर्गाचा आवाज यायचा. १९०८ मध्ये वयोगटांनुसार धड्यांना मान्यता मिळाली आणि या पाचरीसारख्या खोल्या गैरसोयीच्या ठरू लागल्या.

[दृश्य: प्रमाणपत्रं]

ही चळवळ भारतातही आली: १८७६ मध्ये अलाहाबादला इंडिया संडे स्कूल युनियन स्थापन झाली. अमेरिकेत उदारमतवादी धर्मशिक्षणापासून वेगळं होऊन, शिकागोच्या मूडी बायबल इन्स्टिट्यूटमधल्या मंडळींच्या पुढाकाराने, १९३० च्या सुमारास इव्हँजेलिकल, म्हणजे बायबललाच अंतिम प्रमाण मानणाऱ्या, शिक्षकांसाठी स्वतंत्र प्रशिक्षण संघ निघाला. प्रमाणपत्रं तो आपलीच देऊ लागला.