मोझेलच्या उतारावरची ऊब

श्रोतेहो, नमस्कार.

बोलायला सुरुवात करण्याआधी तुम्हाला एक आवाज ऐकवते.

(टेबलावर दगड वाजवल्याचा आवाज)

ऐकलंत? कोरडा, थोडा किणकिणता. ओळखीचा वाटला असेल, कारण हा पाटीचा दगड आहे. ज्यावर आपण पेन्सिलीनं अक्षरं गिरवली आणि ओल्या फडक्यानं पुसली, तोच. याला फक्त लाकडी चौकट नाही. तळहाताएवढा आहे, करंगळीएवढा जाड, निळसर काळा, आणि एका कडेला अशी धार की जपून धरावा लागतो.

जर्मनीतल्या मोझेल नदीच्या काठी, वेलेन गावासमोरच्या द्राक्षबागेखाली, रस्त्याच्या कडेला हा मला पडलेला मिळाला. ऑक्टोबरची संध्याकाळ होती. सूर्य डोंगराआड जाऊन अर्धा तास तरी झाला असेल. नदीवरून गार वारा सुटला होता आणि मी हात खिशात घालून चालले होते. वाकून हा तुकडा उचलला आणि चमकले. तो कोमट होता. चहा पिऊन नुकत्याच खाली ठेवलेल्या कपासारखा.

आज मी जे सांगणार आहे, ते या कोमटपणाबद्दल आहे.

मोझेल नदी फ्रान्समधल्या व्होज डोंगरात उगम पावते, लक्झेंबर्गच्या सीमेवरून जर्मनीत येते आणि कोब्लेंझला ऱ्हाईनला मिळते. एका अंगाला आयफेलचं पठार, दुसऱ्या अंगाला हुन्सरुकचं, आणि मधल्या खोल घळीतून नदी नागमोडी वाहते. नागमोडी हा शब्द इथे शब्दशः घ्या. ट्रीअर शहर ते कोब्लेंझ सरळ रेषेत साधारण १०० किलोमीटर, पण नदी तेच अंतर जवळजवळ दुप्पट करून कापते. काही ठिकाणी ती इतकी वळते की बोटीत बसलेल्या माणसाला तेच देऊळ, म्हणजे चर्चचा तोच मनोरा, आधी उजवीकडे दिसतो आणि थोड्या वेळानं डावीकडे.

हे सगळं उत्तर अक्षांश ५० च्या आसपास आहे. जगातल्या बहुतेक द्राक्षबागा ३० ते ५० अक्षांशांच्या पट्ट्यात आहेत, तेव्हा मोझेल त्या पट्ट्याच्या अगदी काठावर. कॅनडातलं विनिपेग शहर याच अक्षांशावर आहे आणि तिथे हिवाळ्यात पारा उणे ३० पर्यंत उतरतो. मोझेलला अटलांटिक महासागरावरून येणारी दमट, सौम्य हवा सांभाळते, म्हणून थंडी तितकी टोकाची नसते. पण उन्हाळाही काही कडक नव्हे. इथली वार्षिक सरासरी साधारण १० अंश सेल्सिअस. अशा हवेत सपाट जमिनीवर रीसलिंग, म्हणजे इथली वाईनची मुख्य द्राक्षजात, लावली, तर बऱ्याच वर्षी द्राक्ष पिकायच्या आत हंगाम संपेल.

म्हणून इथे द्राक्षं उतारावर गेली. हा उतार काय काम करतो, ते मला नीट सांगायचं आहे, कारण इथल्या सगळ्या गोष्टी त्यावर उभ्या आहेत.

ऑक्टोबरच्या मध्यावर ५० अक्षांशावर भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम ३१-३२ अंश वर येतो. सपाट जमिनीवर त्याचे किरण तिरपे पडतात आणि पसरतात. आता तीच जमीन दक्षिणेकडे तोंड करून ४५ अंशांनी उभी करा. किरण जवळजवळ सरळ येऊन आदळतात. हिशेब मांडला तर त्या दुपारी अशा उताराला सपाट जमिनीच्या पावणेदोन पटींपेक्षा जास्त ऊन मिळतं. आणि हे कधी? द्राक्ष पिकण्याच्या शेवटच्या आठवड्यांत, एकेक ऊबदार दिवस मोलाचा असताना. ब्रेम गावाजवळच्या कालमोंट या उतारावर तर काही जागी चढ ६० अंशांच्याही पुढे आहे. युरोपातल्या सर्वांत उभ्या बागांमध्ये त्याचं नाव घेतात. खालून पाहिलं तर वेली डोंगराला टाचणीनं टोचल्यासारख्या दिसतात.

नदी वळते तशी दक्षिणेकडे तोंड केलेली बाजूही बदलते. कधी बागा डाव्या काठाला, कधी उजव्या. वेलेनमध्ये गाव एका काठाला आहे आणि त्याची नावाजलेली बाग समोरच्या काठाला. ऊन वेलींना दिलं आणि घरं पलीकडे बांधली. त्या बागेच्या मधोमध खडकावर एक मोठं सूर्यघड्याळ आहे. योडोकुस प्रुम यांनी ते १८४२ मध्ये बसवलं, वेलींत राबणाऱ्यांना वेळ कळावी म्हणून. बागेचं नावच पडलं 'सोनेनऊर', सूर्यघड्याळ. जिथे घड्याळ चालण्याइतकं ऊन हमखास पडतं, तिथे द्राक्षही पिकतं.

आता पुन्हा या दगडाकडे येते.

सुमारे ४० कोटी वर्षांपूर्वी इथे समुद्र होता. त्याच्या तळाशी बारीक गाळ साचत गेला. पुढे भूखंड एकमेकांवर रेटले गेले, डोंगर उभे राहिले, आणि त्या प्रचंड दाबाखाली गाळाचा असा पापुद्र्यापापुद्र्यांचा दगड झाला. मग जमीन हळूहळू वर उचलली जात होती आणि नदी तिला खाली कापत होती. त्या कापलेल्या भिंतींवर आज वेली आहेत.

इथली माती पाहिली की शेतीतल्या माणसाचा जीव दडपतो. माती अशी जवळजवळ नाहीच. बोट खुपसायला जावं तर नखाला दगड लागतो. वर पाटीचे तुकडे पसरलेले, खाली थोडा भुगा, त्याखाली फुटका खडक. पाऊस पडला की पाणी थांबत नाही, फटींतून खाली जातं. वेलीची मुळंही त्याच फटींतून कित्येक मीटर खोल उतरतात. खायला कमी, पाणी बेताचं, त्यामुळे वेल पानांचा पसारा घालत नाही. वरचे दगडाचे तुकडे ओल धरून ठेवतात आणि जमिनीची धूपही थोपवतात. आणि मुख्य म्हणजे हा गडद दगड दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती ऊब हळूहळू सोडतो. घड जमिनीपासून फार उंच नसतात, ती ऊब त्यांना लागते. माझ्या हाताला लागली ती हीच.

सगळा दगड एकसारखा नाही. वेलेनला तो निळा-करडा आहे. उर्त्सिग गावाजवळ ज्वालामुखीच्या खडकांमुळे आणि लोहामुळे जमीन तांबडी होते. तिथल्या बागेचं नाव 'व्युर्त्सगार्टन', मसाल्याची बाग. ट्रीअरच्या वरच्या अंगाला, लक्झेंबर्गच्या सीमेकडे, पाटीचा दगड संपतो आणि शिंपल्यांचा चुनखडक लागतो. तिथे रीसलिंगपेक्षा एल्बलिंग ही जुनी, आंबटसर जात जास्त.

वाईन पिणारे म्हणतात की पाटीच्या दगडाची चव ग्लासात उतरते. मला स्वतःला हे पटत नाही. वेलीचं मूळ काही दगड खात नाही. ते पाण्यात विरघळलेले क्षार घेतं, तेही अगदी थोडे, आणि त्यांची चव जाणवेल इतकी मात्रा नसते. दगडाचं खरं काम ऊब आणि पाणी सांभाळण्याचं आहे, आणि ते काम काही लहान नव्हे.

आता थंडीबद्दल बोलायला हवं, नाहीतर तिच्यावर अन्याय होईल. इथे एप्रिलमध्ये वेलींचे डोळे, म्हणजे कोंब, फुटतात, बहर जूनमध्ये येतो, ऑगस्टच्या अखेरीकडे मण्यांत पाणी उतरतं, म्हणजे ते मऊ पडू लागतात, आणि रीसलिंगची काढणी ऑक्टोबरपर्यंत चालते. उष्ण प्रदेशात द्राक्षातलं मॅलिक आम्ल उन्हात झपाट्यानं जळून जातं, साखर तेवढी चढते. मोझेलच्या गार रात्रींत ते आम्ल टिकतं. मणी सावकाश पिकतो, वास भरायला त्याला वेळ मिळतो. परंपरेनं तळघरंही इतकी गार की हिवाळ्यात रस आंबवणारं यीस्ट दमून थांबायचं आणि थोडी साखर वाईनमध्ये राहून जायची. 'काबिनेट' प्रकारच्या हलक्या वाईनमध्ये अल्कोहोल ८-९ टक्के, थोडी गोडी, आणि तिला तोलून धरणारा आंबटपणा. लिंबू सरबतात साखर आणि लिंबू एकमेकांना कसं धरतात, तसं. शरद ऋतूत सकाळी नदीवर धुकं साचतं, दुपारी ऊन पडतं. धुक्यामुळे काही घडांवर बॉट्रायटिस ही बुरशी येते. ती मण्यातलं पाणी काढून घेते आणि साखर दाट करते. त्या सुरकुतलेल्या मण्यांपासून फार गोड, दुर्मीळ वाईन होते. पाऊस लागून राहिला तर तीच बुरशी पीक सडवते.

रीसलिंग इथली मुख्य जात व्हावी यामागे एक फर्मानही आहे. १७८७ मध्ये ट्रीअरचे धर्मसत्ताधीश क्लेमेन्स वेन्झेस्लाउस यांनी हलक्या जातींच्या वेली काढून चांगल्या लावायला सांगितलं. पण द्राक्षं त्याच्या कितीतरी आधीची. पीसपोर्ट गावात बागेच्या पायथ्याशी रोमन काळातला, चौथ्या शतकातला द्राक्षरस काढण्याचा घाणा १९८० च्या दशकात सापडला. म्हणजे उतार आणि ऊब यांचं गणित रोमन लोकांनाही कळलं होतं.

हे सगळं माणसाच्या कंबरेवर उभं आहे. जुन्या बागांत प्रत्येक वेलीला स्वतःचा खांब. दोन काड्या वाकवून खांबाला बांधतात, दुरून बदामाचा आकार दिसतो. तारा नसतात, कारण तारा असल्या की माणसाला उतारावर आडवं चालता येत नाही. सर्वांत उभ्या जागी चुना-सिमेंट न घालता रचलेले दगडी गडगे आहेत. पावसानं घसरलेले पाटीचे तुकडे पूर्वी लोक पाठीवरच्या टोपलीतून परत वर वाहून नेत. हल्ली काही उतारांवर एका रुळावरून चालणारी छोटी गाडी आहे, ती माणसं आणि क्रेट वर नेते. बाकी छाटणी, बांधणी, तोडणी हातानं. सपाट बागेच्या कितीतरी पट तास लागतात. म्हणून अनेक गडगे सोडून दिलेले दिसतात, त्यांवर काटेरी झुडपं वाढली आहेत. मला ते पाहवत नाही. विनिंगेन गावाच्या आसपास या उन्हाच्या गडग्यांवर अपोलो फुलपाखराची एक उपजात राहते, ती फक्त या खोऱ्यात आढळते. बाग मोडली की झाडोरा वाढतो, दगडावर सावली येते आणि तिचीही जागा जाते.

आणि आता हवाच बदलते आहे. पूर्वी जाणते बागायतदार दहा वर्षांत दोन-तीन वर्षं खरोखर चांगली धरत. आता न पिकण्याची भीती जवळपास गेली आहे. २०१९ च्या जुलैअखेरीस जर्मनीत पारा ४० अंशांच्या वर गेला. ज्या उतारांनी शतकानुशतकं ऊन गोळा केलं, तिथे मणी उन्हानं करपले. त्याच वर्षीच्या हिवाळ्यात आणखी एक गोष्ट घडली. 'आइसवाईन' करायला द्राक्षं वेलीवर गोठावी लागतात, उणे ७ अंश तरी हवेत. तितकी थंडी पडलीच नाही. २०१९ च्या हंगामाची आइसवाईन जर्मनीच्या १३ वाईन-प्रदेशांपैकी एकाही प्रदेशात झाली नाही.

तुम्ही म्हणाल, मग थंडीचा धोका तरी टळला. नाही टळला. हिवाळा सौम्य गेला की डोळे लवकर फुटतात. २०२४ च्या एप्रिलमध्ये तसंच झालं. कोवळे फुटवे बाहेर आलेले, आणि महिन्याच्या शेवटच्या आठवड्यात दहिवर गोठलं. मोझेलला मिळणाऱ्या झार आणि रुवर या नद्यांच्या खोऱ्यांत सर्वांत मोठा फटका बसला. तिथली खोरी जास्त उघडी, आणि रात्री गार हवा जड होऊन उताराच्या तळाशी साचते. हिरवे फुटवे दुसऱ्या दिवशी तपकिरी झाले, चुरगळल्यावर हाताला राखेसारखे लागणारे.

तरीही याच गार खोऱ्यांकडे आता बागायतदार आशेनं पाहत आहेत. पूर्वी जिथे द्राक्ष पिकणार नाही म्हणून लोक हसले असते, अशा उंच, वाऱ्याच्या, आडबाजूच्या जागांना किंमत येते आहे. वेलेनसमोरचे वेलींचे खांब मात्र तिथेच आहेत, तेच सूर्यघड्याळ, तोच निळा दगड.

माझा तुकडा आता थंडगार आहे. तासभर दिव्याखाली ठेवला की पुन्हा कोमट होतो. मी कालच करून पाहिलं.

नमस्कार.