आधीचा आलेख दाखवा

[दृश्य: रोलरवर चढलेली मागची चाकं]

ही गाडी आज जागची हलणार नाही, पण तिची मागची चाकं ताशी १०० किलोमीटरच्या पुढे पळणार आहेत. चाकांखाली दिसतात ते डायनोचे, म्हणजे गाडीची पॉवर मोजणाऱ्या यंत्राचे, रोलर. त्यांना विद्युत ब्रेक जोडलेला आहे. इंजिन जोर लावतं, ब्रेक त्याला अडवून धरतो आणि अडवायला किती बळ लागलं ते यंत्र मोजतं. बळ गुणिले वेग, ही झाली चाकांवरची पॉवर.

या डिझेल फोर-बाय-फोरचं रीमॅपिंग व्हायचंय. म्हणजे ईसीयूमधले, इंजिन चालवणाऱ्या संगणकातले, तक्ते बदलायचे: मिनिटाला किती फेऱ्यांना किती डिझेल सोडायचं, रेलमध्ये, म्हणजे इंजेक्टरना डिझेल पुरवणाऱ्या नळीत, दाब किती ठेवायचा, टर्बोने हवा किती कोंबायची. पण लॅपटॉप अजून मिटलेलाच आहे, कारण आधी मोजायचंय.

इथेच बहुतेक जण घाई करतात. ट्यूनिंग झाल्यावर गाडी डायनोवर चढवतात आणि मिळालेल्या आकड्याची तुलना कंपनीच्या माहितीपत्रकाशी करतात. ही तुलनाच चुकीची आहे. माहितीपत्रकातला आकडा इंजिनाच्या फिरत्या दांड्यावरचा, म्हणजे क्रँकशाफ्टवरचा असतो, डायनोवरचा चाकांवरचा. मध्ये गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस, डिफरन्शियल आणि हे जाडजूड टायर आपापला वाटा खातात. तो वाटा गाडीगणिक वेगळा, त्यामुळे वरून ठरावीक टक्के मिळवून क्रँकचा आकडा ‘काढणं’ म्हणजे अंदाजपंचे.

[दृश्य: पट्टे आवळणारे हात]

तयारीकडे नीट लक्ष द्या. गाडी जागी बांधणारे पट्टे जास्त आवळले की टायर चेपतो, तापतो आणि पॉवर खातो. सैल राहिले तर घसरतो. मोठ्या नक्षीच्या ऑफ-रोड टायरला हे जास्तच जाणवतं. म्हणून टायरमधली हवा मोजून लिहून ठेवायची, पट्टा कुठवर आवळला तिथे खडूची खूण करायची. रीमॅपिंगनंतरच्या मोजणीत दोन्ही तशाच हव्यात.

ही गाडी पार्ट-टाइम फोर-बाय-फोर आहे, म्हणून टू-व्हील ड्राइव्हवर टाकून फक्त मागची चाकं फिरवता येतात. फुल-टाइम असती तर चारही चाकांखाली रोलर लागले असते. नाहीतर मधल्या डिफरन्शियलचं वाटोळं.

[दृश्य: क्रँक पुलीवर चमकणारी छोटी पट्टी, अगदी जवळून]

पेट्रोल इंजिनाचे फेरे स्पार्क प्लगच्या तारेवरून मोजता येतात. डिझेलला स्पार्क प्लगच नसतो. म्हणून पुलीवर ही चकाकणारी पट्टी चिकटवलीय. समोरचा सेन्सर तिच्यावरून परतणारा उजेड मोजतो. फेरे चुकले की टॉर्क, म्हणजे इंजिनाचा फिरवण्याचा जोर, चुकलाच. टॉर्क न्यूटन मीटरमध्ये घ्या, मिनिटाला होणाऱ्या फेऱ्यांनी गुणा, ९५४९ ने भागा, किलोवॅट मिळतील. २००० फेऱ्यांना ४०० न्यूटन मीटर म्हणजे सुमारे ८४ किलोवॅट. ३६०० फेऱ्यांना ३०० न्यूटन मीटर म्हणजे ११३. दुसऱ्या ठिकाणी टॉर्क कमी, तरी पॉवर जास्त. जाहिरातीत हा ११३ छापला जातो. पण भरलेली गाडी चढावर ओढताना कामाला येतो तो २००० फेऱ्यांवरचा टॉर्क.

[दृश्य: पंखा सुरू, चालकाचा पाय ॲक्सिलरेटरवर. निवेदन थांबते, फक्त इंजिनाचा आवाज]

गिअर चौथा, कारण या गिअरबॉक्समध्ये एकास एक गुणोत्तराच्या सर्वांत जवळचा तोच. फेरे मुद्दाम सावकाश चढवले जातात. झटक्यात चढवले तर टर्बोला दाब भरायला वेळच मिळत नाही आणि आलेख खालच्या फेऱ्यांत खोटा कमजोर दिसतो.

एका मोजणीवर विश्वास ठेवायचा नाही. आलेख एकावर एक बसेपर्यंत पुन्हा मोजायचं, आणि दरवेळी इंटरकूलरला, म्हणजे टर्बोची तापलेली हवा गार करणाऱ्या भागाला, थंड व्हायला वेळ द्यायचा. हा पंखा कितीही मोठा दिसला तरी रस्त्यावरच्या वाऱ्याची बरोबरी करत नाही.

[दृश्य: संगणकाच्या पडद्यावर दुरुस्तीचा पर्याय]

हा छोटासा रकाना पाहून ठेवा. हवेचं तापमान आणि दाब रोज बदलतात, म्हणून आकडे प्रमाण हवामानावर आणले जातात. एसएई जे१३४९ पद्धतीत २५ अंश आणि ९९ किलोपास्कल धरतात. जुन्या एसटीडी पद्धतीत हवा जास्त थंड आणि दाट धरलेली आहे, त्यामुळे तीच मोजणी साधारण ४ टक्के जास्त दिसते. आधीचा आलेख एका पद्धतीने आणि नंतरचा दुसऱ्या पद्धतीने छापला, की इंजिनाला हातही न लावता पॉवर ‘वाढते’! ग्राहकाची अशी फसवणूक व्हायला नको. पद्धतीचं नाव कागदावर असलंच पाहिजे.

[दृश्य: दोन आलेख एकमेकांवर]

लाल रेघ रीमॅपिंगआधीची, निळी नंतरची. शेंड्यावर नजर खिळवू नका. १८०० ते २५०० फेऱ्यांमध्ये दोन रेघांत अंतर किती आहे ते बघा, आणि निळी रेघ एकदम उसळते की सलग चढते तेही बघा.

[दृश्य: सायलेन्सर, मग पायरोमीटरची सुई]

काळा धूर म्हणजे हवा कमी पडून अर्धवट जळलेलं डिझेल. टर्बोच्या आधी बसवलेला पायरोमीटर धुराचं तापमान दाखवतो. पॉवरच्या आकड्याइतकाच हाही आकडा नोंदवायचा. क्लचवर वाढणारा ताण, वॉरंटी आणि प्रदूषणाचे नियम यांचा विचार मालकाने ट्यूनिंगआधीच करायला हवा.

[दृश्य: गाडी रस्त्यावर]

शेवटचा पडताळा रस्त्यावर. गिअर तोच, रस्ता तोच, ताशी ६० वरून १०० गाठायला लागलेला वेळ. वारा आणि उतार यांचा हिशेब चुकू नये म्हणून दोन्ही दिशांनी. हीच मोजणी रीमॅपिंगच्या आधीही झाली होती. दोन्ही मोजण्यांचे आकडे पडद्यावर आहेत.