ब्राँझमधली दीना

पॅरिसमध्ये लूव्र संग्रहालयाला लागूनच कारुझेल बाग आहे. कातरलेल्या हिरव्या कुंपणांच्या मधोमध ब्राँझच्या बायका दिसतात. कुणी उभी, कुणी गुडघ्यांत मान घालून बसलेली. शिल्पकार आरिस्तीद मायोल.

विसाव्या शतकाच्या सुरुवातीला शिल्पकलेवर फ्रेंच शिल्पकार रोदँची छाप होती. त्याच्या आकृत्या कशा पिळवटलेल्या, धगधगणाऱ्या! मायोल निवांतपणाकडे वळला. आधी तो चित्रगालिचे विणायचा. चाळिशीच्या सुमारास डोळे दुखावले, विणकाम सुटलं आणि हात मातीत गेले.

१९०५ साली लोकांसमोर आलेली त्याची ही 'भूमध्य'. जरा जवळून पाहा. एक गुडघा उभा, त्यावर कोपर, हाताशी कललेलं डोकं. दुसरा हात जमिनीला टेकलेला. ती देवी नाही, तिच्यामागे पुराणकथाही नाही. पाठीवरून उतरणारा प्रकाश कुठेही अडखळत नाही. मला ही पाठ चेहऱ्यापेक्षा जास्त बोलकी वाटते.

क्रांतिकारक ब्लांकीच्या स्मारकासाठीही मायोलने बाईच घडवली. ब्लांकीने तीस वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढला. म्हणून शिल्पातल्या बाईचे हात मागे बांधलेले आहेत आणि अख्खं अंग पुढे झेपावतंय.

१९३४ साली पंधरा वर्षांची दीना व्हिएर्नी मायोलसमोर आली. तो सत्तरी ओलांडलेला. पुढची दहा वर्षं त्याच्या शिल्पांत तीच होती.

मग युद्ध आलं. मायोलचं गाव बान्यूल्स, स्पेनच्या सीमेला खेटून. नाझींपासून जीव वाचवून आलेल्यांना दीना रात्री डोंगर पार करून द्यायची. आडवाटा मायोलने दाखवलेल्या. १९४३ मध्ये ती जर्मनांच्या हाती लागली, सहा महिने तुरुंगात राहिली. युद्धाच्या याच वर्षांत तिच्यावरून 'हार्मनी' हे शिल्प घडत होतं. १९४४ मध्ये अपघातानंतर मायोल गेला आणि 'हार्मनी' हातांविनाच राहिली.

शिल्पासाठी बसणाऱ्या बायकांची नावं सहसा कुणी लक्षात ठेवत नाही. दीनाने मात्र मायोलचं काम आयुष्यभर सांभाळलं. १९६४ साली तिने त्याची अठरा शिल्पं फ्रान्सला दिली, या बागेसाठी. पुढे १९९५ मध्ये पॅरिसमध्येच मायोल संग्रहालय उभं केलं.

पाऊस पडून गेलाय. 'भूमध्य'च्या गुडघ्यावरून पाणी ओघळतंय, आणि शेजारच्या हिरवळीवर कुणीतरी डबा उघडून बसलंय.